पेट्राचा दगडी कलश, बेदुइन आणि फिरौनाचे पुरलेले धन

मुशाफिर (धागाकर्ता)

जॉर्डनमधल्या पेट्रा या डोंगरात कोरलेल्या प्राचीन नगरीला गेलेला प्रत्येक जण तिथल्या अल-खझना (म्हणजे 'खजिना') या वास्तूचे छायाचित्र काढतो. मात्र त्या कोरीव दर्शनी भागाच्या अगदी माथ्यावर, गोल मंडपाच्या शिखरावर जो दगडी कलश आहे, त्याच्याकडे निरखून पाहणारे थोडेच असतात. खालून तो कडेवर घेता येईल एवढा वाटतो, प्रत्यक्षात त्याची उंची साडेतीन मीटरच्या आसपास आहे. ऊन तिरपे असताना पाहिले तर त्याच्या पोटावर खड्डे आणि टवके उडालेल्या जागा दिसतात. त्या बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. कलशात फिरौनाचे, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाचे, धन आहे, नेम नीट बसून तो फुटला की सोने खाली सांडेल, अशा समजुतीने आसपासच्या बेदुइनांनी, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब टोळ्यांनी, त्यावर बार काढले, आणि एकोणिसाव्या शतकात तिथे पोहोचलेल्या युरोपीय प्रवाशांनी ही समजूत लिहून ठेवली. कलश आतून पोकळ नाही. डोंगराच्याच वालुकाश्मात घडवलेला तो भरीव दगड आहे.

इजिप्तचा फिरौन जॉर्डनच्या डोंगरात कशाला येईल, असा प्रश्न आपल्याला पडतो. स्थानिक कथेत मात्र त्याचा हिशेब अगदी सरळ आहे. पेट्राच्या तोंडाशी असलेल्या गावाचे नाव वादी मूसा. तिथला झरा मूसाने (बायबलमधल्या मोझेसने) खडकावर काठी मारून काढला असे मानतात. आणि आसपासच्या सर्वांत उंच शिखरांपैकी एकावर मूसाचा भाऊ हारून याची कबर आहे. मूसा इथून गेला, तर त्याच्या मागावर असलेला फिरौनही इथे आलाच असणार. खजिन्याच्या ओझ्याने पाठलाग मंदावू लागला, तेव्हा त्याने जादूने ही इमारत उभी केली, धन तिच्या माथ्यावर ठेवले आणि तो पुढे गेला. खालच्या सपाटीवरचे मोठे देऊळ मग ओघानेच फिरौनाच्या मुलीचा वाडा ठरते, आणि जवळच एकटा उभा राहिलेला खांबही फिरौनाच्याच एका अवयवाच्या नावाने ओळखला जातो. कोणत्या, ते सभ्य संकेतस्थळावर लिहिण्यासारखे नाही.

इतिहास सांगतो तो असा, की ही वास्तू पेट्रात राज्य करणाऱ्या नबाती या प्राचीन अरब लोकांचा राजा चौथा आरेतास याच्या काळातली, म्हणजे इ. स. पू. 9 ते इ. स. 40 या दरम्यानची असावी, आणि ती थडगे म्हणूनच कोरली गेली. 2003 मध्ये तिच्या पुढ्यातल्या जमिनीखाली थडगी सापडली, आणि 2024 मध्ये तिथेच खाली आणखी एका थडग्यात बारा जणांचे सांगाडे मिळाले. धन शोधणाऱ्यांनी बंदूक वर रोखली होती आणि पुरलेले जे काही होते ते त्यांच्या पायाखाली होते, ही गंमत नोंदवून पुढे जातो, कारण मला बोलायचे आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

योहान लुडविग बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी 22 ऑगस्ट 1812 रोजी पेट्रात पोहोचला. शेख इब्राहिम हे नाव, अरबी पोशाख, उत्तम अरबी बोली, आणि हारूनच्या कबरीवर बकरा कापण्याचा नवस बोललो आहे ही सबब, एवढ्या भांडवलावर. तेव्हा एल्जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या वादी मूसातून त्याने एक वाटाड्या घेतला आणि मजुरी म्हणून त्याला घोड्याच्या जुन्या नालांची एक जोडी दिली. वाटाड्याने बकरा उचलला, पाण्याची पखाल याच्या खांद्यावर दिली, आणि दोघे घळीतून निघाले. खझना पाहून होईपर्यंत वाटाड्या गप्प होता. पुढे फिरौनाच्या मुलीच्या वाड्याकडे वळण्यासाठी बुर्कहार्ट वाट सोडून जरा बाजूला झाला, तेव्हा मात्र तो उसळला. तू काफिर आहेस हे आता मला स्पष्ट दिसते, तुझ्या पूर्वजांच्या या नगरात तुझे काहीतरी काम आहे, पण इथे दडलेल्या धनातली एक कवडीही आम्ही तुला नेऊ देणार नाही, कारण ते आमच्या मुलखात आहे आणि आमचे आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

बुर्कहार्टने त्यानंतर वाड्याची फार बारकाईने पाहणी केली नाही. गावात परतल्यावर वाटाड्याने संशय बोलून दाखवला असता तर झडती झाली असती, अंगावरची टिपणवही सापडली असती आणि ती जादूची पोथी म्हणून काढून घेतली गेली असती, अशी त्याला भीती होती. त्याने ऐकलेली समजूत मोठी मासलेवाईक आहे. परका माणूस उत्खनन करत नाही, पोती भरत नाही, हे लोकांना दिसत होते. पण खऱ्या मांत्रिकाला त्याची गरजच नसते असे ते म्हणत. त्याने जागा एकदा डोळ्यांखालून घातली, खांबाचे माप घेतले, कागदावर चार रेघा ओढल्या, की पुढे घरी बसून तो धनाच्या राखणदाराला हुकूम सोडतो आणि धन हवेतून त्याच्यामागे चालत जाते.

माझे म्हणणे असे, की ही समजूत भाबडी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण तिच्यात एक चोख निरीक्षण आहे. दूरदेशीचा माणूस जिवावर उदार होऊन पडक्या दगडांपाशी येतो, ते मोजतो, त्यांचे चित्र काढतो आणि निघून जातो. आणि त्यानंतर तसलेच आणखी लोक येत राहतात. त्याला यातून काहीतरी मिळते हे उघड आहे, फक्त काय मिळते ते दिसत नाही. खजिना हे त्या न दिसणाऱ्या लाभाचे नाव आहे. वाटाड्याच्या बोलण्यात जोर होता तोही सोन्यावर नव्हताच, 'आमच्या मुलखात' यावर होता.

हे सुचण्याचे कारण म्हणजे अलीकडच्या प्रवासात पेट्राच्या उत्तरेला, बैदाच्या बाजूला झालेले एक संभाषण. आमचा गाडीवान जवळच्या उम्म सैहून वस्तीतला होता. पेट्राच्या गुहांत राहणाऱ्या ब्दूल जमातीला 1985 च्या सुमारास तिथून हलवून ज्या वस्तीत नेले, तीच ही. चहा उकळेपर्यंत त्याने मोबाइल काढून मला एका खडकाचा फोटो दाखवला. खडकात वाटीएवढा गोल खळगा होता आणि त्यातून बोटभर रुंदीची चर एका बाजूला निघाली होती. त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, चरीच्या टोकावर नख ठेवले आणि विचारले, "उस्ताद, तुमच्या हिंदच्या पुस्तकांत याचा अर्थ काय दिला आहे?" मी त्या विषयातला नाही, असे म्हणालो. तो हसून म्हणाला, "ज्याला माहीत असते तो असेच म्हणतो." यावर उत्तर नव्हते.

जॉर्डन, इस्रायल, सौदी अशा भागांत राहिलेल्या मंडळींनी यात भर घालावी, ही विनंती.

शंकेखोर

लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. भरीव दगडाला गोळ्या घालणे हा आंधळा विश्वास होता, आणि त्यात मुलखाचा हक्क, न दिसणारा लाभ वगैरे अर्थ आपण मागाहून भरतो आहोत. आपल्याकडे पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीतला हंडा दिसतो असे मानणारे होते आणि आहेत; हंड्यावर नाग बसलेला असतो हेही आलेच. त्यापायी इतके अघोरी प्रकार झाले, की 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाचा उल्लेख करावा लागला. त्या लोकांना आपण चोख निरीक्षक म्हणत नाही. मग बेदुइनांना वेगळी फूटपट्टी का?

अम्मानस्थित

मी बरीच वर्षे या देशात बांधकामाच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे 'दफीन', म्हणजे पुरलेले धन, हा विषय माझ्या कामाच्या आड वारंवार आला आहे. पाया खणताना एखादा तासलेला दगड निघाला, की संध्याकाळपर्यंत कुंपणाबाहेर चार अनोळखी गाड्या उभ्या राहतात.

धागाकर्त्यांनी फिरौनाबद्दल लिहिले; आजच्या जॉर्डनमध्ये मात्र बोलबाला आहे तो तुर्कांच्या सोन्याचा. दमास्कसहून मदिनेला जाणारी सुमारे 1300 किलोमीटरची हेजाझ रेल्वे 1900 ते 1908 या काळात बांधली गेली, पुढे 1916 च्या अरब उठावात तिच्यावर सतत हल्ले झाले, आणि 1918 मध्ये उस्मानी सैन्य माघारी गेले. पळताना त्यांनी पगाराच्या पेट्या रुळांच्या आजूबाजूला पुरल्या आणि परत येऊन काढता याव्यात म्हणून खडकांवर खुणा कोरल्या, ही कथा तुम्हाला मआनपासून इर्बिदपर्यंत कोणीही सांगेल. परिणाम असा, की या मार्गावरच्या ओसाड स्थानकांची जमीन, कधी कधी तर खोल्यांच्या फरशाही, लोकांनी उकरून टाकल्या आहेत. उठावातल्या युद्धभूमींचा अभ्यास करायला आलेल्या पुरातत्त्वज्ञांना हे ताजे खड्डे जागोजागी भेटले.

या कथेला थोडा आधार आहे, हे शंकेखोर यांनी लक्षात घ्यावे. त्या युद्धात इंग्रजांनी टोळ्यांना खरोखरच सोन्याच्या पौंडांत पैसे दिले, त्यामुळे वाळवंटात सोने फिरत होते आणि ते घरोघरच्या आजोबांनी पाहिले होते. पण तुर्कांकडच्या सर्वांत मौल्यवान चिजांचे काय झाले तेही माहीत आहे. मदिनेचा सेनापती फख्री पाशा याने तिथल्या पवित्र वस्तू आणि जडजवाहीर 1917 मध्ये याच रेल्वेने इस्तंबूलला रवाना केले, आणि त्या वस्तू आज तोपकापी राजवाड्यात आहेत. म्हणजे ज्या गाडीच्या वाटेवर धन पुरले असे म्हणतात, त्याच गाडीने ते सुखरूप गेले.

गाडीवानाने दाखवलेल्या खळग्याला इथे 'जुर्न' म्हणतात. खजिना शोधणाऱ्यांच्या जगात त्याचे एक मोठे शास्त्रच झाले आहे. चर ज्या दिशेला उतरते तिकडे इतकी पावले चालायचे. साप कोरला असेल तर त्याचे डोके कुठे आहे ते पाहायचे. कासव, विंचू, उंट, पाऊल, प्रत्येकाचा वेगळा अर्थ. पूर्वी हे एका पिढीकडून दुसरीकडे कानोकान जाई, आता समाजमाध्यमांवर त्याचे गट आहेत आणि लोक तिथे फोटो टाकून 'जाणकारां'ना विचारतात.

त्यानंतरची पायरी 'रसद' नावाच्या राखणदाराची. हा बहुधा जिन्न असतो, धन पुरताना त्याला तिथे बांधून ठेवलेले असते, आणि त्याला हटवल्याशिवाय कुदळ लावली तर धनाचे कोळसे होतात किंवा खणणारा मरतो. राखणदार हटवण्यासाठी शेख लागतो, आणि तो मोरोक्कोकडचा असेल तर उत्तम, कारण मगरिबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेतले, लोक या विद्येत पारंगत, अशी जुनी ख्याती आहे. शेख ऊद जाळतो, काही दिवस मुक्काम ठोकतो आणि मग सांगतो की याला साध्या धुपाने भागणार नाही, 'तांबडा पारा' हवा. असा पारा जगात नाही, त्यामुळे त्याची किंमत कितीही सांगता येते. या तांबड्या पाऱ्याचा लोभ इतका, की 2009 मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगर शिलाई यंत्रांत तो असतो अशी अफवा उठली आणि आजीबाईंची यंत्रे अवाच्या सवा भावाने विकली गेली. माझ्या ओळखीच्या एका ठेकेदाराने दफीनच्या नादात बायकोचे दागिने विकले. इतिहासाचा पदवीधर आहे तो. खड्डा अजून तसाच आहे, आता त्यात शेजारी राडारोडा टाकतात.

कायदा स्पष्ट आहे. 1988 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे सोने किंवा पुरलेला ठेवा शोधण्यासाठी पुरातत्त्वीय स्थळी खणता येत नाही. पण लोकांचा सरकारवर विश्वास नसला की कायदाही कथेचाच भाग होतो. 2014 मध्ये अजलूनजवळ सैन्याने काही जागा बंद करून रात्री खोदकाम केले, तेव्हा सोन्याचे घबाड निघाले आणि ते वरच्यांनी परस्पर लाटले अशी चर्चा देशभर झाली. सरकारी खुलासे बदलत गेले आणि अखेरीस इस्रायलने कित्येक दशकांपूर्वी पेरलेली हेरगिरीची उपकरणे काढली, असे सांगण्यात आले. माझ्या कामावरच्या एकानेही ते खरे मानले नाही.

कातळवाट

अम्मानस्थित यांच्या प्रतिसादात खुणांचे वाचन आले, त्याची दुसरी बाजू थोडक्यात मांडते. पेट्रा आणि बैदा परिसरात खडकावरचे खळगे आणि चरी प्रचंड संख्येने आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशांचा उलगडा करता येतो. बैदा ही नबाती काळातली द्राक्षशेतीची जागा होती. तिथे खडकात कोरलेले द्राक्षे तुडवण्याचे हौद आहेत, ज्यांतून रस चरीवाटे खालच्या खळग्यात उतरत असे. काही चरी पावसाचे पाणी टाक्यात नेण्यासाठी आहेत, कारण वर्षाकाठी अगदी तुरळक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात नबाती लोक उतारावरचे पाणी अडवून, वळवून, साठवून जगत होते. काही खळगे दाणे कुटण्याचे, तर काही देवतेपुढे द्रव अर्पण करण्याचे असू शकतात.

गाडीवानाच्या तर्कात एक गोष्ट अचूक आहे. चरीच्या उताराकडे काहीतरी ठेवलेले असते, हे त्याने बरोबर ओळखले. तिथे पाणी किंवा रस साठत होता. शास्त्र बरोबर, माल वेगळा.

दिमोनाकर

नमस्कार मंडळी. आमचे कुटुंब बेने इस्रायल. आजोबा अलिबागकडचे, आणि माझा जन्म इथला, इस्रायलच्या दक्षिणेतल्या नेगेव वाळवंटातल्या दिमोनाचा. मराठी घरात टिकून आहे, लिहिताना शुद्धलेखन चुकले तर सांभाळून घ्यावे.

दिमोनापासून थोड्याच अंतरावर ममशित नावाचे नबाती गाव आहे. बेदुइन त्याला कुर्नुब म्हणतात. 1960 च्या दशकात तिथे उत्खनन चालू असताना एका श्रीमंत घरात काशाचा हंडा सापडला आणि त्यात दहा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. शंकेखोर साहेबांना विचारतो, की भोवतालच्या बेदुइनांचे वाडवडील कुर्नुबमध्ये हंडा आहे असे सांगत होते, तर ते काय चुकीचे सांगत होते? हंडा होता. फक्त तो सरकारी परवाना असलेल्याला मिळाला.

दुसरी गोष्ट मृत समुद्राच्या गुंडाळ्यांची, म्हणजे तिथल्या गुहांत सापडलेल्या प्राचीन यहुदी ग्रंथांची, कारण ती सुरू होते ती बेदुइनांपासूनच. 1947 च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या कड्यांत तआमिरा जमातीच्या एका तरुण मेंढपाळाने एका बिळासारख्या गुहेत दगड टाकला आणि आतून मडके फुटल्याचा आवाज आला. ही हकिकत सांगताना आत सोने असेल ही आशा आणि जिन्न असेल ही भीती, दोन्ही येतात. आत निघाले ते कातड्यावरचे लिखाण. त्या गुंडाळ्या बेथलेहेमच्या एका चांभारवजा व्यापाऱ्याकडे गेल्या, त्याच्या मार्फत त्यांतल्या चार एका सीरियन धर्मगुरूने सुमारे 24 पौंडांना घेतल्या, आणि त्याच चार 1954 मध्ये अमेरिकेत वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीनंतर अडीच लाख डॉलरना विकल्या गेल्या. तआमिरांना या व्यवहारातून धडा मिळाला. पुढची काही वर्षे त्यांनी पुरातत्त्वज्ञांच्या आधी गुहा शोधल्या. 1952 मध्ये हजारो तुकडे असलेली चौथी गुहा त्यांनीच गाठली, आणि तेव्हाच्या जॉर्डनच्या पुरातत्त्व खात्याने त्यांच्याकडून तुकडे चौरस सेंटिमीटरच्या दराने विकत घेतले. मोठा तुकडा फाडून विकू नये म्हणून ही पद्धत होती.

आता खरी मजा. 1952 मध्येच तिसऱ्या गुहेत पुरातत्त्वज्ञांना स्वतःला काय मिळाले? तांब्याच्या पत्र्याची गुंडाळी, आपल्या भाषेत ताम्रपटच. गंजून ती इतकी ठिसूळ झाली होती, की उलगडणे अशक्य होते, म्हणून 1955-56 मध्ये ती इंग्लंडला मँचेस्टरला नेऊन करवतीने पट्ट्यांत कापली. वाचल्यावर निघाली पुरलेल्या धनाची यादी: साठहून अधिक जागा, अमुक टाक्यात पायऱ्यांखाली इतकी चांदी, तमुक थडग्याजवळ इतके सोने. आणि मग जॉन अलेग्रो हा विद्वान, जो त्या कामाशी जोडलेला होता, 1959-60 मध्ये मोहीम घेऊन ते धन खणायला निघाला! त्याला काही मिळाले नाही. बेदुइन धन शोधायला गेले तर त्यांना ग्रंथ मिळाले, आणि पंडिताला ग्रंथ मिळाला तर तो धन शोधायला गेला. अंधश्रद्धा कोणाची म्हणायची?

शंकेखोर

दिमोनाकर, आपले शुद्धलेखन येथील अनेकांपेक्षा चांगले आहे. मुद्दाही बिनतोड आहे, अलेग्रोपुरता.

ममशितच्या हंड्याबद्दल मात्र असे म्हणेन, की एक हंडा सापडतो त्याची बातमी होते आणि ज्या असंख्य खड्ड्यांत काही मिळत नाही त्यांची होत नाही; या कथा जगतात त्या अशाच. आणि ही टीका मी आधुनिक चष्म्यातून करतो आहे असेही नाही. चौदाव्या शतकातला अरब इतिहासकार इब्न खल्दून याने 1377 च्या आपल्या 'मुकद्दिमा' ग्रंथात एक प्रकरणच या विषयाला दिले आहे. पुरलेले धन शोधणे हा उपजीविकेचा नैसर्गिक मार्ग नव्हे, हे त्याचे सूत्र. मगरिबातले भुरटे फाटक्या कडांचे, जुने दिसणारे कागद घेऊन धनिकांकडे जातात, त्यांवर खजिन्याच्या खुणा आहेत असे भासवतात, आणि सरकारची भीती आहे म्हणून तुमचे संरक्षण हवे असे म्हणून पैसे उकळतात, हे वर्णन त्याचे आहे. अम्मानस्थित यांच्या शेखांत आणि यात सहाशे वर्षांत काय बदलले? त्याने एक चांगला प्रश्नही विचारला आहे: ज्याला खरोखर धन लपवायचे आहे, तो ते शोधण्याच्या खुणा लिहून कशाला ठेवील?

इजिप्तमध्ये तर अशा खुणांच्या हस्तलिखित पोथ्या शतकानुशतके फिरत होत्या. त्यांतली एक इजिप्ती पुरातत्त्वज्ञ अहमद कमाल यांनी 1907 मध्ये कैरोत छापूनच टाकली, हेतू हा की सगळ्यांच्या हाती पडली म्हणजे तिची जादू उतरेल. उतरली नाही.

मुशाफिर

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली, सर्वांचे आभार.

शंकेखोर, आपण आणि मी दोन वेगळ्या लोकांबद्दल बोलतो आहोत, असे मला वाटते. इब्न खल्दूनचे भुरटे आणि आजचे शेख हे समजुतीचा धंदा करणारे. त्यांच्याबद्दल माझे दुमत नाही, आणि गुप्तधनापायी होणाऱ्या अघोरीपणाची तरफदारी तर मुळीच नाही. पण बुर्कहार्टचा वाटाड्या काही विकत नव्हता. त्याच्यापुढे प्रश्न होता तो समोरच्या माणसाला काय हवे आहे हा. आणि त्या भीतीकडे मागे वळून पाहिले तर काय दिसते? बुर्कहार्टने ती वही वाचवली. 1817 मध्ये तो कैरोत वारला, 1822 मध्ये त्याचे प्रवासवर्णन छापून आले, आणि त्या छापील पानांच्या मागोमाग चित्रकार, पंडित, पर्यटक यांची रांग लागली. परक्याने जागा पाहून, कागदावर उतरवून नेली तर तिथले मोल दूर बसून त्याच्या हाती जाईल, हे वाटाड्याचे भाकीत होते. राखणदार जिन्नाचा भाग सोडला तर यात खोटे काय ठरले? पेट्रा 1985 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि त्याच सुमारास ब्दूल कुटुंबे गुहांतून बाहेर निघाली. आज ती तिथेच गाढवे, उंट आणि चहाच्या टपऱ्या चालवतात. काहींना त्यात चांगले उत्पन्न आहे हेही खरे; परंतु जागा कोणाची, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात सतत येतो.

या संदर्भात पेट्रातून निघालेला माझ्या मते सर्वांत मोठा ठेवा सांगतो. डिसेंबर 1993 मध्ये तिथल्या बायझंटाइन चर्चच्या एका खोलीत जळून कोळसा झालेल्या सुमारे 140 पपायरस गुंडाळ्या सापडल्या. आग लागून त्या करपल्या म्हणूनच टिकल्या. सहाव्या शतकातली ही कागदपत्रे अतिशय चिवटपणे उलगडून वाचली गेली, आणि त्यांत निघाले काय, तर जमिनीची खरेदी, वाटण्या, हुंड्याचे करार, कर भरण्याची जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर करणे आणि शेजाऱ्यांचे तंटे. राखणदाराने कोळसा करून टाकलेले धन म्हणावे तर हेच. त्यातही मुद्दा तोच, की अमुक शेत कोणाच्या नावावर.

रानजाई

मी वाचनमात्र असते, पण एक विचारते. धागाकर्त्यांनी फिरौनाच्या मुलीच्या वाड्याचा उल्लेख करून सोडून दिला. त्याची कथा कोणाला माहीत आहे का? आणि मी येत्या हिवाळ्यात पेट्राला जाणार आहे. तिथे मुले जुनी नाणी विकतात असे ऐकले, ती घ्यावीत का?

अम्मानस्थित

ताई, कथा मी ऐकलेली सांगतो. सांगणाऱ्यागणिक ती थोडी बदलते. राजकन्येने पण लावला, की जो माझ्या वाड्यात वाहते पाणी आणील त्याच्याशी लग्न करीन. दोघांनी दोन बाजूंनी पाट खणले आणि दोघांचेही पाणी एकाच दिवशी आले. तिने विचारले, हे कसे साधले? एक म्हणाला, माझ्या आणि माझ्या माणसांच्या बळावर. दुसरा म्हणाला, अल्लाच्या कृपेने आणि माणसांच्या कष्टाने. तिने दुसऱ्याला वरले. वाड्यात धन असल्याचे या कथेत कोणी म्हणत नाही. सगळी ओढ पाण्याची आहे, आणि कातळवाट यांनी लिहिले त्याच्याशी ते जुळते. मूसाच्या झऱ्याचे पाणी सीक घळीच्या भिंतीतून खापराच्या नळांनी आणि कोरीव पाटांनी खरोखरच शहरात आणले होते. घळीतून चालताना दोन्ही हातांना त्याच्या खुणा दिसतील, त्या चुकवू नका.

नाण्यांचे म्हणाल तर घेऊ नयेत. खोटी असतील तर पैसे गेले, आणि खरी असतील तर पुरावस्तूंचा व्यवहार आणि त्या देशाबाहेर नेणे कायद्याने गुन्हा आहे. विमानतळावर बॅग उघडली तर 'मला माहीत नव्हते' हे कोणी ऐकून घेत नाही. शिवाय गिऱ्हाईक मिळते म्हणूनच थडगी उकरली जातात. त्याऐवजी दुर्बीण न्या आणि कलशावरचे व्रण पाहा. परतीच्या वाटेवर अम्मानला थांबणार असाल तर जॉर्डन संग्रहालयात दिमोनाकरांनी सांगितलेला ताम्रपट पट्ट्यांच्या रूपात मांडलेला आहे, तोही बघून घ्या.

दिमोनाकर

आणि जमल्यास ममशितलाही या. गर्दी नसते. मात्र जॉर्डनमधल्या अकाबाहून सीमा ओलांडून इस्रायलमध्ये येणार असाल तर व्हिसाचे आधी पाहा, भारतीय पारपत्रावर तो सीमेवर आयत्या वेळी मिळेल असे धरून चालू नका.